आधी तिला विचारलंस का?

ताई, नमस्कार.

मी २२ वर्षांचा आहे. सांगोला तालुक्यातलं गाव, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तीन वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पुरुषपणाबद्दल दोन दिवस चर्चा झाली आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला. मग आम्ही सात मुलांनी गट केला. पथनाट्य बसवलं, शाळांत जाऊन मुलांशी बोलायला लागलो. पुढे चार मुलीही गटात आल्या. यंदा २५ नोव्हेंबरला, स्त्रियांवरील हिंसाविरोधी दिनाला, तालुक्याच्या गावी आमचा मोठा प्रयोग आहे.

अडचण अशी की, नाटकात बापाचं काम करणारा माझा जिवलग मित्र गटातल्या एका मुलीच्या मागे लागला. तिने स्पष्ट नाही म्हटलं. तरी तो दोन महिने मेसेज करत राहिला, तिने ब्लॉक केलं की दुसऱ्या नंबरवरून. एसटी स्टँडवर तिच्या गाडीच्या वेळेला जाऊन उभा राहायचा. तिने मला मोबाईल दाखवला आणि दुसऱ्या दिवशी गट सोडला. मी गटात विषय काढला तर पोरं म्हणाली, प्रेमात असं होतंच, तो काही वाईट नाही, बाहेर कळलं तर गटाचं नाव जाईल, आणि आपल्यावर आधीच टपलेल्यांना आयतं कोलीत मिळेल. मलाही ते थोडं पटलं. तो लहानपणापासूनचा मित्र आहे, त्याच्याशिवाय नाटक उभं राहत नाही.

घरचंही सांगतो. मी झाडू मारतो, भांडी घासतो. आई म्हणते, नको रे, लोक बघतात. कट्ट्यावरची पोरं बायल्या म्हणतात. वडील तर म्हणतात, पोरगं शिकून बायकी झालं. डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेल्यापासून ते कुणाशी धड बोलत नाहीत, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. मागच्या वर्षी आजोबा गेले. आता दिवाळीला दोन्ही आत्या येतील, जमिनीतल्या वाट्याच्या हक्कसोडीच्या सह्या होतील, मग तिच्यावर कर्ज नवंजुनं करता येईल. तेव्हा तरी घरात जरा मोकळं वाटेल अशी आशा आहे.

मी मित्राला सोडू की गटाला? आणि खरं सांगा, पुरुष बदलतात का?

– एक कार्यकर्ता

प्रिय मित्रा,

तुझं पूर्ण पत्र चार पानांचं होतं, इथे जागेअभावी आटोपशीर केलंय. चार पानांत मित्राबद्दल दीड पान आहे. तो कसा वाढला, किती गुणी आहे, त्याला किती वाईट वाटेल, सगळं आहे. गटाबद्दल एक पान आहे. तिला आता काय हवंय याबद्दल एकही ओळ नाही. मी दोनदा शोधली. तिने मोबाईल दाखवला तेव्हा तू काय म्हणालास, तेही लिहिलेलं नाहीस.

तिने तुलाच का दाखवलं, विचार कर. तिला मैत्रिणी असतील, आई असेल. गटातल्या बाकीच्या तीन मुली होत्या. पण तिला वाटलं, हा मुलगा चौकात उभा राहून 'नाही म्हणजे नाही' म्हणतो, याला कळेल. मग दुसऱ्या दिवशी तिने गट सोडला. ती मित्रामुळे गेली असं तुला वाटतंय. मला वाटतं, त्या संध्याकाळी तू जे बोलला नाहीस त्याचाही त्यात वाटा आहे. हे कठोर वाटेल. पण तू पत्र लिहिलंस म्हणजे ते तुला आतून ठाऊक आहे.

तेव्हा मित्राला सोडायचं की गटाला, हा प्रश्न आज बाजूला ठेव. आधी तिला विचार. थेट घरी जाऊन धडकू नकोस. गटातल्या ज्या मुलीवर तिचा विश्वास आहे तिच्यामार्फत विचारून घे की बोलायला चालेल का. ती नको म्हणाली तर तिथेच थांब, कारण 'नाही' ऐकायची पाळी आता तुझी आहे. हो म्हणाली तर तीन गोष्टी सांग. तू सांगितलंस ते मला खरं वाटतं. तुला न विचारता आम्ही गटात जे ठरवलं ते चुकीचं होतं. आणि आता तुला काय व्हायला हवंय ते तू सांग, मी तेवढं करीन. मित्राची बाजू मांडायला तिथे बसू नकोस. 'तो तसा वाईट नाही' हे वाक्य तोंडून निघालं तर सगळ्यावर पाणी पडेल.

ती म्हणेल, काही नको, फक्त त्याला थांबवा. किंवा म्हणेल, तक्रार करायची आहे. दोन्हीसाठी तुझ्याकडे माहिती हवी. स्पष्ट नकार दिल्यावरही बाईचा वारंवार पाठलाग करणं, तिच्याशी संपर्क साधत राहणं हा गुन्हा आहे. आधी तो भारतीय दंड संहितेत २०१३ साली घातला गेला, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लागू आहे. पहिल्या वेळी दोषी ठरला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे पोरं ज्याला 'प्रेमात असं होतंच' म्हणतायत, त्याला कायद्यात नाव आहे आणि शिक्षाही आहे. पोलिसांत जायचं नसेल तर कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार ती प्रत्येक कॉलेजात असायलाच हवी, अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका असते, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. नावं गुप्त ठेवणं समितीवर बंधनकारक आहे. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नये. तिला हे सगळं एका कागदावर लिहून दे. मेसेज पुसू नकोस म्हणून सांग, त्यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवायला सांग. तक्रार करायची की नाही, हे मात्र तिचं तिने ठरवू दे. तिला त्यासाठी ढकलू नकोस आणि अडवूही नकोस.

समेट घडवायला जाऊ नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी २६ वर्षं तालुक्याच्या ठिकाणी कौटुंबिक समुपदेशन केंद्रात काम केलं. चार जाणती माणसं मध्ये बसतात, मुलाला दोन शब्द सुनावतात, मुलीला म्हणतात 'झालं गेलं विसर', चहा होतो, सगळे घरी जातात. पुढच्या महिन्यात ती मुलगी शिक्षण सोडून घरी बसलेली असते. मुलगा कॉलेजात असतो. त्या चहाची किंमत प्रत्येक वेळी मुलीनेच मोजलेली मी पाहिली आहे.

आता तुझा मित्र. त्याच्याशी तू बोलायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाचं तो ऐकणार नाही. पण आधी तिची हरकत नाही ना, ते बघून. एकट्याने बोल, समोर बसून बोल, मेसेजवर नाही. 'ती नाही म्हणाली आहे. आजपासून एकही मेसेज नाही, कुठल्याही नंबरवरून नाही, स्टँडवर जाणं नाही, तिच्या मैत्रिणींकडे चौकशी नाही. आणि या प्रयोगात तू नाहीस.' एवढंच. तो रडेल, चिडेल, म्हणेल की तूसुद्धा उलटलास. उलटला नाहीस. जो मित्र या वेळी पाठीवर हात ठेवून 'होतं रे असं' म्हणतो, तो त्याला खड्ड्यात घालतो.

एक शक्यता आधीच सांगून ठेवते, कारण केंद्रात ती फार वेळा पाहिली. तो म्हणेल, 'तिला एकदा भेटव, नाहीतर मी जिवाचं बरंवाईट करून घेईन.' असं म्हणाला तर ते हसण्यावारी नेऊ नकोस. त्याला एकटं सोडू नकोस, त्याच्या घरच्या मोठ्या माणसाला लगेच सांग, टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर लाव, तिथे मराठीतून बोलता येतं. पण ते ओझं त्या मुलीच्या दारात नेऊन टाकू नकोस. त्याचा जीव वाचवणं हे त्याच्या मित्रांचं, घरच्यांचं, डॉक्टरांचं काम आहे. तिचं नाही. नकार पचवायला मुलांना कुणी शिकवत नाही. मुलगी 'पटली' नाही म्हणजे आपण कमी पडलो, आपली इज्जत गेली, हेच शिकवतात. तुमच्या नाटकात हा प्रसंग नाही असं पत्रावरून दिसतं. हुंडा आहे, दारू आहे, मारहाण आहे. ते सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी बापाचं. तुमच्या वयाच्या मुलाचं, तुमच्याच मोबाईलमधलं, काही नाही.

गटाचं नाव जाईल, याबद्दल. तू ज्या परंपरेत उभा आहेस ती तुला ठाऊक असावी म्हणून जरा मागे जाते. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. सुरतेच्या एका तरुण विधवेला नवजात बाळाच्या हत्येसाठी शिक्षा झाली होती, वर्तमानपत्रांतून बायकांच्या जातीलाच नावं ठेवली जात होती. ताराबाईंनी पुरुषांना सरळ आरशापुढे उभं केलं. त्यांच्यावर जी टीका झाली ती फक्त सनातन्यांकडून नव्हती, सत्यशोधक मंडळींतूनही झाली. ताराबाईंचे वडील त्याच सत्यशोधक समाजातले. तेव्हा 'आपली चळवळ लहान आहे, शत्रू मोठे आहेत, घरचं धुणं बाहेर नको' असं म्हणणं जोतीरावांना सोपं होतं. त्यांनी १८८५ साली 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली आणि टीका करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्याला खोडून काढलं. त्यामुळे सत्यशोधक समाजाचं नाव बुडालं नाही. आज दीडशे वर्षांनी आपण ते नाव घेतो, त्यात या गोष्टीचाही वाटा आहे.

जवळचंही उदाहरण आहे. मुंबईत १९९१ साली एका पत्रकाराने वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली होती: बायकोला मारणं चूक आहे आणि ते थांबवता येतं असं ज्या पुरुषांना वाटतं त्यांनी कळवावं. २०५ पुरुषांनी उत्तर दिलं. त्यातून १९९३ साली 'मावा' उभी राहिली, मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज. उत्तर देणाऱ्यांत हरीश सदानी होते, ते आजही हे काम करतात. 'पुरुष स्पंदनं' हा त्यांचा दिवाळी अंक आमच्या केंद्रात यायचा. २००६ पासून त्यांनी कॉलेजच्या मुलांना तयार करायला सुरुवात केली, 'युवा मैत्री' म्हणून. तुझ्या शिबिरात जे बोललं गेलं त्याची मुळं तिथपर्यंत जातात.

पण हेही सांगते की आम्हा बायकांना त्या काळात या पुरुषगटांबद्दल शंका होती, आणि ती रास्त होती. बाईने वीस वर्षं बोंब मारली की तिला भांडखोर म्हणायचं, आणि पुरुषाने एकदा स्टेजवर तेच म्हटलं की टाळ्या. निधीही तिकडे, फोटोही तिकडे. शेवटी आमच्या भागातल्या बैठकीत एका वयस्कर कार्यकर्तीने या मुलांना सांगितलं होतं, 'तुम्ही काम करा, जरूर करा, पण हिशेब आम्हाला द्यायचा.' मला ते आजही पटतं. तुझ्या गटात सात मुलं आणि चार मुली होत्या. निर्णय कोण घेतं? ज्या दिवशी तू विषय काढलास त्या दिवशी राहिलेल्या तिघी काय म्हणाल्या? तू लिहिलंस 'पोरं म्हणाली'. मुली गप्प होत्या की त्यांना बोलावलंच नव्हतं? २५ नोव्हेंबरच्या आधी एक बैठक फक्त त्या तिघी घेतील, तुम्ही ऐकाल, आणि प्रयोग करायचा की पुढे ढकलायचा हे त्या ठरवतील, असं करून बघ. प्रयोग रद्द झाला तर होऊ दे.

पुरुष बदलतात का, असं विचारलंस. मी हो म्हणते, आणि भाबडेपणाने म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ मध्ये झालं, त्यात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. शंभर घरांतली ती २९ घरं माझ्यासमोर येऊन बसलेली आहेत.

एक माणूस आला होता. हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. बायको मार खाऊन माहेरी निघून गेली होती. तासभर तो तिच्या चुका सांगत होता: भाकरी जाड करते, फोनवर बोलते, आईला उलटून बोलते. मी विचारलं, तिला भाजी कुठली आवडते? तो थांबला. हेल्मेटचा पट्टा बक्कलात अडकवायचा, काढायचा, पुन्हा अडकवायचा. बराच वेळ तो 'टक' असा आवाज येत राहिला. मग म्हणाला, 'कधी बोलण्यात आलं नाही.' अकरा वर्षांचा संसार होता. त्या दिवशी तो निघून गेला, पुढच्या गुरुवारी परत आला. वर्षभरात तो बारा-तेरा वेळा आला. मारणं थांबलं. ती सात महिन्यांनी नांदायला आली, स्वतःच्या अटींवर, भावाला साक्षीला ठेवून. अजून ते भांडतात. परवा ती बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, 'आता रागावला की चप्पल घालून बाहेर जातो.' मला एवढं पुरतं.

लहान वयात हात घातला तर हे पुष्कळ सोपं जातं. मुंबईच्या ४५ शाळांत २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर एक कार्यक्रम झाला. कोरो ही संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर संशोधन करणारी आयसीआरडब्ल्यू ही संस्था यांनी मिळून केलेला. मुलांना वर्गात भाषण नव्हतं. खेळ होते, चर्चा होत्या, घरी न्यायला एक डायरी होती. घरात कोण काय काम करतं, मारामारी कधी होते, राग आला की काय करता, असं त्यात लिहायचं. पुढे मुंबईच्याच वस्त्यांत क्रिकेट शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना याच कामासाठी तयार केलं गेलं, कारण चौदा वर्षांचा पोरगा बापाचं ऐकत नाही, पण कोचचं ऐकतो. तुम्ही शाळांत जाता तेव्हा नाटक करून निघून येता. त्याऐवजी एकाच शाळेत वर्षभर दर शनिवारी जा. सांगोल्याकडे खो-खो, कबड्डी खेळवणारी तरुण मंडळी असतीलच, त्यांना गाठा.

बायल्या म्हणतात त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस एवढंच सांगून मला थांबता येत नाही. त्या शब्दात दोन माणसांचा अपमान आहे. एक बाईचा, कारण तिच्यासारखं असणं ही शिवी ठरते. दुसरा त्या मुलाचा, ज्याची चाल किंवा आवाज वेगळा आहे, जो कदाचित समलिंगी असेल, ज्याला शाळेपासून याच शब्दाने ठेचलं गेलंय. तू झाडू मारून आल्यावर तुला तो शब्द पाच मिनिटं टोचतो. त्याला तो घेऊन जगावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून सज्ञानांच्या संमतीचे संबंध बाहेर काढले, पण कट्ट्यावर तो निकाल पोचलेला नाही. तेव्हा 'मी बायल्या नाही' असं सिद्ध करायच्या नादी लागू नकोस. मिशी पिळून उत्तर दिलंस की तू त्यांच्याच खेळात उतरलास. 'असेन. पुढे?' म्हण आणि चालायला लाग.

झाडू, भांडी, हे चालू ठेव. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, जे पुरुष घरकाम करत होते त्यांची ९७. आणि दिवसभरात घरकामाला मुळात हात लावणारे पुरुष शंभरातले २६ होते. आई 'नको' म्हणते ते लोकांना घाबरून. तिलाही लहानपणापासून हेच शिकवलंय. वर सांगितलेल्या आरोग्य सर्वेक्षणातच ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य म्हटलं होतं. आकडे जवळजवळ सारखेच. म्हणून आईला भाषण देऊ नकोस. तिच्याआधी उठ, चूल किंवा गॅस पेटव, आणि जेवताना तिला पहिलं ताट वाढ. रोज. फोटो नको, स्टेटस नको.

वडिलांबद्दल तू एका ओळीत उरकलंस, मला मात्र तिथे काळजी वाटली. बाग गेली, कर्ज आहे, माणूस कुणाशी बोलत नाही. २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात १,१८,९७९ पुरुष होते. ज्या पुरुषपणाबद्दल तू शाळांत बोलतोस त्याचा हा सगळ्यात जड भाग तुझ्या घरात ओसरीवर बसलेला आहे. कर्त्या पुरुषाने रडायचं नाही, हरलो म्हणायचं नाही, मुलापुढे तर नाहीच. ते तुला बायकी म्हणतात तेव्हा चिडून उठून जाऊ नकोस. त्यांच्याबरोबर बागेत जा. तेल्याने डागाळलेली झाडं काढायची राहिली असतील तर दोघं मिळून काढा. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, शेजारी काम करता करता बोलतात, हे मी केंद्रात शिकले. 'दादा, झोप लागते का?' एवढं विचार. जगण्याला कंटाळल्यासारखं काही बोलले तर तेच करायचं जे मित्राबद्दल सांगितलं: एकटं सोडायचं नाही, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं.

आणि आता हक्कसोड. पत्रात ती तू जाता जाता लिहिलीस, घरात मोकळं वाटण्याची आशा म्हणून. मी तिथे थबकले ते अजून तिथेच आहे.

आजोबांच्या जमिनीत तुझ्या दोन्ही आत्यांचा वडिलांइतकाच वाटा आहे. आजी हयात असेल तर तिचाही. हे कुणाचे उपकार नाहीत. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, पुढे १९५६ चा वारसा कायदा झाला, १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ साली केंद्राने ते सगळ्या मुलींसाठी केलं, २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेली शंकाही मिटवली. इतक्या माणसांनी इतकी वर्षं घासून जे मिळवलं, ते दिवाळीच्या सुट्टीत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एका दुपारी संपतं. बहिणी सह्या करतात, भाऊ साडी-चोळी करतो, जेवायला पुरणपोळी असते. कुणी जबरदस्ती केलेली नसते. माहेर तुटू नये म्हणून त्या सोडतात. सासरी काही वाईट झालं तर यायला एक दार असावं म्हणून. केंद्रात आलेल्या कितीतरी बायकांनी मला हेच सांगितलं, आणि वाईट झाल्यावर ते दार उघडलं नाही हेही सांगितलं.

वडील दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, आणि त्यांनी आजवर सगळीकडे असंच होताना पाहिलंय. पण त्यांच्यानंतर त्या जमिनीवर नाव कुणाचं लागणार? तुझं. झाडू मारायला तुला रोज अर्धा तास लागतो. यात मात्र तुझा खिसा आहे, तुझं लग्न आहे, गावातली तुझी पत आहे. म्हणूनच ती गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. तुझ्यासारखी चांगली मुलंही इथेच चुकतात, तुझ्या एकट्याची ही चूक नाही.

हे अशक्य नाही, आपल्याकडे झालेलं आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी, शहरातल्या सुधारकांनी नव्हे, आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर केला होता. पुढे सरकारनेही त्याच नावाने सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावायची सोय केली. तुमच्या सातबाऱ्यावर आईचं नाव आहे का, तलाठ्याकडे जाऊन बघ. तिने आयुष्यभर त्या बागेत खुरपलंय.

आत्यांनी सह्या करायच्याच नाहीत असं मी सांगत नाही. जमीन त्यांची, त्या ठरवतील. कदाचित एखादी म्हणेल, भाऊ अडचणीत आहे, मी आनंदाने सोडते. तोही तिचा हक्क आहे. पण तिला तिचा वाटा किती गुंठे येतो ते माहीत हवं. आज बाजारभाव काय आहे ते माहीत हवं. सही न करता नावं तशीच ठेवून, सगळ्यांच्या संमतीने कर्जाचं काही जमतं का, हे सोसायटीत आणि बँकेत विचारून झालेलं हवं. आणि सही केली नाही तरी भाऊबीजेचं ताट तसंच असेल, हे तिला कुणीतरी घरातल्या माणसाने आधी सांगितलेलं हवं. वकिलाने सांगून उपयोग नाही, तूच सांग.

वडिलांच्या मागे हे करू नकोस. बागेत बोलायला लागाल तेव्हा तिथेच काढ. पहिल्यांदा ते भडकतील, कदाचित दोन दिवस जेवणार नाहीत. दुसऱ्यांदा काढ. 'माझ्या नावावर जे येणार आहे त्याबद्दल मला बोलायचंय' अशी सुरुवात कर, म्हणजे त्यांना कळेल की तू त्यांच्याकडून काही हिरावत नाहीस, स्वतःचं सोडतोयस.

दिवाळीला अजून सात आठवडे आहेत. त्या मुलीला निरोप या आठवड्यातच पाठव, त्यात दिवस घालवू नकोस. धाकट्या आत्याशी तुझं जास्त जमतं असं चौथ्या पानावर लिहिलंयस, तिने लहानपणी तुला पोहायला शिकवलं म्हणून. वडिलांशी बोलून झालं की एखाद्या रविवारी एसटीने तिच्याकडे जाऊन ये. सातबाऱ्याचा उतारा बरोबर ने. ती काय म्हणते ते मला कळव.

तुझी,
ताई